गळ्याचे टाके

आमच्या फियॉर्डवर वाद गरम पाण्यात होतात.
बाहेर उणे चार, कुंडात एकोणचाळीस,
मानेपर्यंत बुडलेली डोकी
आणि वर वाफ, कुणाचा चेहरा काय म्हणतोय ते दिसू न देणारी.
मी तलावाचा राखणदार. शिट्टी, लांब दांडा, थर्मास.
ऐकणं माझ्या पगारात धरलेलं नाही, तरी ऐकतो.

त्या संध्याकाळी विषय ओद्नीचा स्वेटर.

स्वेटर म्हणजे स्वेटरचा कागद.
दोन हिवाळे तिनं विणलं, उसवलं, पुन्हा विणलं,
मग नऊ पानांत टाका न् टाका मोजून लिहिला
आणि इंटरनेटवर विकायला ठेवला:
बाराशे क्रोना. बंदरावरच्या दोन कॉफ्या.
गायनवृंदात बेचाळीस बायका.
विकत घेतला एकीनं, सोल्वेइगनं.
ईस्टरला अंगावर मोजले एकतीस.

'फुकट ते पौष्टिक,' केटिल हसला.

हाल्बेरा वकील. चष्म्यावर वाफ, तरी कलम स्वच्छ:
'घालणं गुन्हा नाही. विणणंही नाही.
पानं पाठवणं, तो गुन्हा.'
'म्हणजे बोट दोषी, अंग निर्दोष?'
'तसं समज.'

स्टेइनारचा पोरगा, सोळाचा, फणकारला:
'मी तीन ठिकाणी महिन्याचे पैसे भरतो,
आणि हवा तो सिनेमा उघडला की पाटी येते,
तुमच्या देशात उपलब्ध नाही.
घ्या म्हणतोय पैसे, घेत नाहीत.
मग खिडकीतून शिरलो तर चोर कोण?'
'तूच,' हाल्बेरा म्हणाली. 'पण दाराला कुलूप लावून
गल्ला उघडून बसणारा मूर्ख.'

केटिलचं हसू ओसरलं होतं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस.
'मासा कुणाचाच नव्हता,' तो म्हणाला.
'मग त्याचा कागद झाला. इतके टन तुझे, इतके त्याचे.
भावानं त्याचा कागद विकला, दक्षिणेत घर घेतलं.
मासे अजून इथूनच जातात, माझ्या खिडकीसमोरून.
कागद म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.
पण ओद्नीची दोन वर्षं...
ती काही जाळ्यात आपोआप आली नव्हती.'
पंप तेवढा घुरघुरत राहिला.

'तीनशे ठेवले असते तर सगळ्यांनी घेतला असता,' पोरगा.
'तीनशेलाही पाठवलाच असता.
रास्त म्हणजे किती, हे घेणारा ठरवतो,
आणि घेऊन झाल्यावर.'

तेवढ्यात ओद्नी आली. निळी टोपी, सावकाश पायऱ्या.
सगळे एकदम वाऱ्याबद्दल बोलू लागले.
'चालू द्या,' ती म्हणाली. 'माझ्याबद्दलच ना?'
आणि हवामान सांगावं तसं सांगितलं:
पहिल्या मसुद्यात चूक होती.
सातवं पान. गळ्याचे आठ टाके कमी.
दुरुस्तीचं पत्र विकत घेणाऱ्यांना गेलं.
'सोल्वेइगनं चूक सगळ्यांना पाठवली.
दुरुस्ती पाठवायला तिला सवड झाली नाही.'

केसानं गळा कापतात म्हणे.
इथे लोकरीनं आवळला होता, आणि आपापलाच.
वृंदाचा वरचा सूर ईस्टरपासून का दबतोय
ते कुंडातल्या सगळ्यांना एकदम कळलं.

कुणी हसायच्या आत ती पाण्यात बोटं फिरवत म्हणाली,
'आणि खांद्यावरची चांदणी आहे ना,
ती मी फेरीबोटीवर सापडलेल्या हातमोज्यावरून घेतली.
एकच होता. मालकीण कधी आलीच नाही.
तिचे बाराशे मी कुणाला देऊ?'
सगळ्यांनी हाल्बेराकडे पाहिलं.
हाल्बेरानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

साडेनऊला मी दिवे मालवले.
कपाटातून स्वेटर काढला, डोक्यावरून ओढला
आणि अडकलो.
बायकोनं विणलेला, माझ्या वाढदिवसाला,
त्या एकतिसांत न मोजलेला. ती तिसऱ्या रांगेत गाते.
आत अंधार, ओल्या मेंढीचा वास, कान दुमडलेले,
दोन्ही हात वर, शरण आल्यासारखे.

दाराशी ओल्या चपला वाजल्या.
'ओढू नकोस,' ओद्नी. 'वीण जाईल.'
तिनं दोन्ही मुठींत गळा धरला, ताणला,
ताणून धरला, लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ.
'कुठल्या पानावर अडकलास?'

आतून मी म्हणालो, 'सातव्या.'